आधी कपाट, मग सफरचंद

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, जास्वंदीच्या आडोशाला. तिथे उभ्या राहिलात तर वहिनींच्या ओट्यावरून सगळं दिसतं. परवा दुपारची गंमत कळली ना? वहिनींच्या सागवानी कपाटातल्या साड्या सगळ्या जमिनीवर! पैठणी, नारायणपेठी, सासूबाईंचा तो शालू, एकावर एक ढीग. डांबराच्या गोळ्या पार पलंगाखाली घरंगळलेल्या. वहिनी म्हणतात, मला वाटलं चोरच शिरला. पाय लटपटायला लागले. आणि बघतात तर कपाटाचं दार किलकिलं, आणि आत...

थांबा, हे ओरडतायत व्हरांड्यातून. "अगं, सुरुवातीपासून सांग, त्यांना काय कळणार!" ऐकलंत? सगळी नोकरी रेल्वेत गेली ना, गाडी सुटायची ती पहिल्या स्टेशनावरूनच. यांना कुणाचं लग्न मोडलं हे सांगायचं तर आधी पत्रिका कुणी आणली तिथून सुरू करावं लागतं. तोवर ऐकणाऱ्याचा चहा गार. पण असो, कपाटात काय होतं ते राहू दे तसंच. पुस्तकांचं आधी सांगते, म्हणजे यांचंही समाधान.

तर वहिनींच्या नातीचा दहावा वाढदिवस. आपण होतोच की, तुम्ही केक न खाता निघालात, तुमचा उपास होता. त्यानंतरची गोष्ट. मुलानं लेकीला नार्नियाचा सेट आणला, सात पुस्तकं, नवीकोरी, कण्यावर एक ते सात आकडे घातलेले. पोरगी हरखली. तेवढ्यात सून उठली, स्टुलावर चढून माळ्यावरचा एक खोका काढला आणि धूळ झटकून पुढ्यात ठेवला. आत तीच सात पुस्तकं! तिच्या मामांनी अमेरिकेहून आणलेली, ती लहान असताना. पानं पिवळी झालेली, कोपरे दुमडलेले. त्यांच्यावरही एक ते सात आकडे. आणि अहो, आकडे जुळेनात!

म्हणजे बघा, नव्या सेटमध्ये एक नंबरावर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. जुन्यात तेच सहावं. जुन्यात एक नंबरावर ते सिंह, चेटकीण आणि कपाटाचं, ते नव्यात दुसरं. घोड्याचं एक आहे, ते इथे तिसरं, तिथे पाचवं. सगळ्या सातांत एका सातव्यावरच काय ते एकमत, आणि त्यात तर सगळी दुनियाच संपते. वहिनी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून चष्मा लावून बघतायत, जसं काही कुंडल्याच जुळवायला घेतल्यात.

मुलगा म्हणाला, "छापणाऱ्यांना कळत नाही का? एक म्हणजे एक." सून म्हणाली, "माझ्यावरही एकच लिहिलंय." झालं! केक राहिला बाजूला. हिचं म्हणणं, पुस्तकं जशी बाहेर आली तशी वाचायची. कपाटाचं 1950 साली आलं, मग दर वर्षी एक, ते जादूगाराचं 1955 साली, आणि 1956 मध्ये शेवटचं. त्याचं म्हणणं, गोष्टीत जे आधी घडलं ते आधी. नार्निया जन्माला कशी आली ते जादूगाराच्या पुस्तकात आहे, मग जन्म सोडून मधूनच कसं सुरू करायचं? आणि आकडे काही आपोआप बदलले नाहीत. हार्परकॉलिन्सनं 1994 साली सगळी उलथापालथ करून नवे नंबर घातले. लेखक सी. एस. लुईस तर 1963 सालीच गेलेले. पण त्यांच्या सावत्र मुलानं कौल दिला म्हणे, की त्यांना हाच क्रम पसंत होता.

सावत्र मुलाचं नाव निघाल्यावर वहिनींनी कान टवकारलेच. "पण बाई, नेफ्यू म्हणजे नक्की कोण गं? पुतण्या का भाचा?" बघा, इंग्रजीत हीच पंचाईत. सून म्हणाली, भाचा. पोराची आई आजारी, बाप नोकरीसाठी कुठे, तर हिंदुस्थानात! म्हणून दोघं लंडनला आईच्या भावंडांकडे राहिलेली. मामा माळ्यावर बसून जादूचे प्रयोग करतो आणि अंगठ्या देऊन दुसऱ्यांच्या पोरांना भलत्याच जगात पाठवतो, स्वतः मात्र जात नाही. वहिनी म्हणाल्या, "मामाच ना, मग बरोबर." आपल्याकडे गोष्टीतले मामा म्हटले की कंस नाही तर शकुनी. सुनेचा चेहरा मात्र जरा उतरला... खोका मामांचाच ना तिच्या.

आणि तुम्हाला म्हणून सांगते, त्या पुस्तकाची सुरुवात ऐकून मीही क्षणभर पाघळले होते. शेजारच्या बागेच्या भिंतीवरून एक मुलगा डोकं वर काढतो, रडून रडून तोंड मळलेलं, आणि अलीकडची मुलगी त्याची चौकशी करते. म्हणजे आपलंच की हो! कुंपणावरच सुरू होतं सगळं. म्हटलं, हेच पहिलं असायला काय हरकत आहे?

तर काय सांगत होते... हां, पत्र! मुलानं हुकमाचं पान काढलं ना. फोनवर शोधून वाचूनच दाखवलं. 1957 साली अमेरिकेतल्या एका मुलानं लुईसना पत्र लिहिलं होतं, की आमच्या घरी याच्यावरून वाद आहे. आईचं म्हणणं छापली तशी वाचावीत, माझं म्हणणं घडलं तसं. आणि लुईसनी उत्तरात मुलाची बाजू घेतली! वहिनी अशा खुलल्या म्हणता. "बघ, लेखकानंच सांगितलंय, मुलाचं ऐकावं." माझ्याकडे बघून मान पण हलवली त्यांनी. मी आपली चमच्यानं वेफर्सचा चुरा गोळा करत होते.

पण सून काही कच्च्या गुरूची चेली नाही. म्हणाली, "पुढचं वाचा ना." पुढे काय, तर लुईसनी मान्य केलंय की माझं आधीपासून काहीच ठरलेलं नव्हतं. पहिलं लिहिताना दुसरं येईल हे ठाऊक नव्हतं, दुसऱ्यानंतरही पुढचं डोक्यात नव्हतं, आणि तिसरं झाल्यावर वाटलं, आता हे शेवटचं. तेव्हा कोणतं आधी वाचावं यानं फारसा फरक पडत नसावा. म्हणजे बघा, त्या पोराला खूश केलं आणि आईलाही दुखावलं नाही. प्रोफेसर होते ना ऑक्सफर्ड-केंब्रिजचे. फोन मुलाच्या हातातच राहिला आणि तोंड एवढंसं झालं.

आणि मग सून जे बोलली ना, ते मला पटलं हं. म्हणाली, कपाटाच्या पुस्तकात ती चार भावंडं पहिल्यांदा अस्लान हे नाव ऐकतात, तेव्हा लेखक म्हणतो की हा कोण ते त्यांना माहीत नव्हतं, आणि वाचकहो, तुम्हालाही माहीत नाही. आता जादूगाराचं आधी वाचून बसलात तर तुम्हाला सगळं माहीत! अस्लान म्हणजे तो सिंह, तो गाऊन दुनिया उभी करतो ते पाहून झालेलं. मग लेखक खोटाच पडला की. आणि तो दिव्याचा खांब? धाकटी कपाटात शिरते, कोट बाजूला सारत सारत जाते, पायाखाली बर्फ कुरकुरतो, आणि जंगलाच्या मधोमध एक रस्त्यावरचा दिवा जळतोय. एकटा. का, कुणी लावला, काही कळत नाही. ते न कळण्यातच तर मजा आहे. तो खांब कुठून उगवला हे आधीच सांगून टाकलंत, तर मग उरला फक्त नगरपालिकेचा दिवा.

"गोष्टीतलं आधीचं म्हणजे वाचायचं आधीचं नव्हे," असं काहीसं म्हणाली ती. मी ह्यांना आल्या आल्या ऐकवलं. माझी गप्पा मारायची पद्धत आहे ना, तिला शास्त्राधार आहे म्हटलं!

आणि सुनेच्या आजेसासूबाई! त्या झोपाळ्यावर, डोळे मिटून. आम्हाला वाटलं डुलकी लागली. पंच्याऐंशी पूर्ण झाली त्यांना, पण कान अजून शाबूत. तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "आम्ही रेडिओवर गीतरामायण ऐकलं ते 1955 सालचं. पुणे आकाशवाणीवर, रामनवमीपासून, आठवड्याला एक गाणं. त्या साली अधिक महिना होता म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. त्यात रामजन्म पहिला होता का रे?" मुलगा गप्प. "पहिल्या गाण्यात राम म्हातारा व्हायला आलेला, गादीवर बसलेला. पुढ्यात कुश-लव गातायत. बापाला ठाऊक नाही ही आपली पोरं, पोरांना ठाऊक नाही हा आपला बाप. ठाऊक फक्त आम्हाला. दशरथ, पायसदान सगळं मागाहून आलं."

मुलानं तरी विचारलंच, "पण आजी, रामायण तुम्हाला आधी पाठ होतं ना!" मला वाटलं, आता बोलती बंद होणार. तर म्हणतात कशा, "पाठ असलेली गोष्टसुद्धा माडगूळकरांनी पहिल्यापासून सांगितली नाही. मग पाठ नसलेली तू कशाला सांगतोस?" आणि पुन्हा झोका. अहो, पंख्याचा आवाज तेवढा राहिला. वहिनींनी उठून उगीचच पाण्याचे पेले भरले. आणि योगायोग बघा, जादूगाराचं पुस्तकही 1955 चंच!

आता हे ऑक्सफर्डचं निघालंच आहे तर, त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यात कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला तो कळला का? नाही? अगंबाई, तिथेही हेच! हे जे लुईस, त्यांचे एक जिगरी दोस्त, टॉल्किन. तेही तिथले प्रोफेसर. पबमध्ये बसायचे सगळे, एकमेकांना लिहिलेलं वाचून दाखवायचे. लुईसनी टॉल्किनच्या मागे लागून लागून त्यांची ती मोठी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुरी करून घेतली, आणि टॉल्किनना मित्राची नार्निया मुळीच आवडली नाही. करा मैत्री!

तर कांदेपोहे. मुलगा चांगला, बंगळूरला, पॅकेज वगैरे विचारू नका. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. दहा मिनिटांत खाली! मुलीचा चेहरा असा, की तिच्या आईच्या हातातली बशी डुगडुगली. झालं काय, तर दोघांनाही टॉल्किनची आवड, म्हणून आधी छान जमलं. मग तो म्हणाला, मी 'सिल्मारिलियन'पासून सुरुवात केली, कारण सृष्टीची उत्पत्ती तिथे आहे. आमच्याकडे सगळं पद्धतशीर करतात. मुलीनं विचारलं, मग 'हॉबिट'? म्हणे, वाचलंच नाही, 'सिल्मारिलियन'मध्ये शंभर पानांवर नावांच्या जंजाळात अडकलो ते अडकलोच.

आता मुलीचं मी ऐकून घेतलं आहे, तुम्हाला सांगते. 'हॉबिट' आलं 1937 साली. मोठी कादंबरी 1954 आणि 55 मध्ये, तीन खंडांत, कारण लढाईनंतर कागद महाग, एका ठोकळ्यात छापायची छाती कुणाची? आणि 'सिल्मारिलियन' आलं 1977 ला, म्हणजे बाप 1973 साली गेल्यावर चार वर्षांनी. जन्मभर लिहिलं आणि खोडलं, सगळं अर्धंमुर्धं. मुलानं, क्रिस्टोफरनं, ती बाडं जुळवून पुस्तक काढलं. मुलगी म्हणाली, "बापानं शेवटपर्यंत हातावेगळं केलं नाही तेच तुम्ही पहिलं उघडलंत?" मुलाची आई नेमकी जिन्याच्या पायरीवर. ऐकलं ना तिनं! आणि मुलीच्या बाबांना वाटलं सिल्मारिलियन म्हणजे ॲलर्जीचं औषध. त्यांनी काळजीनं विचारलं, "रोज घ्यावं लागतं का?"

आणि 'हॉबिट' आधी वाचायचं तर तेही कुठलं? हे भारी आहे हं, ऐका. पहिल्या छपाईत तो गॉलम कोड्यांची पैज हरला तर अंगठी बक्षीस द्यायला तयार असतो! अगदी सभ्य गृहस्थ. पण पुढे ती अंगठीच सगळ्या दुनियेचा जीव घेणारी ठरली, मग हा ती सुखासुखी देईल कशी? तेव्हा टॉल्किननी 1951 च्या आवृत्तीत ते प्रकरणच बदललं. आणि सारवासारव काय केली, तर म्हणे गोष्टीचा नायक बिल्बो आधी खोटं बोलला होता, ही खरी हकीगत! म्हणजे आपण बायका एकच गोष्ट दोनदा वेगळी सांगितली तर तिखटमीठ, आणि प्रोफेसरनं केलं तर साहित्य.

काय? कार्यक्रमाचं पुढे काय झालं? तेच तर. नकार आला नाही आणि होकारही आला नाही. मुलाचा मेसेज आला, 'हॉबिट' मिळेल का वाचायला? मुलीनं दिलं. एकदा न्यायला आला, दोनदा परत करायला आला. पुस्तक एकच.

आमच्या घरीही काही कमी नाही हं. हे बसलेत ना तिथे साळसूदपणे, यांच्या मांडीवरची वही बघा. जॉर्ज मार्टिनची ती राजघराण्यांची मालिका, सिरियलवाली. पहिलं पुस्तक 1996 सालचं. चौथं आलं 2005 ला आणि पाचवं 2011 ला, पण दोन्ही घडतात एकाच वेळी! माणसं वाटून घेतलीत, निम्मी याच्यात, निम्मी त्याच्यात. मग यांनी काय केलं असेल? दोन्हींची प्रकरणं एकमेकांत ओवून चक्क टाइमटेबल केलं. अमुकची दोन प्रकरणं, मग तमुकचं एक, इथे क्रॉसिंग, इथे पाणी भरायला थांबा. दोन पुस्तकं मांडीवर, दोन खुणेच्या पट्ट्या. मी विचारलं, लेखकानं वेगळी ठेवली ती काही कारणानंच ना? तर म्हणे, "मालगाडी आणि एक्सप्रेस एकाच सेक्शनमध्ये असल्या तरी कुठली कुठे आहे हे कंट्रोलला माहीत हवं." आणि सहाव्याची वाट बघतायत तेव्हापासून. गाडी अजून यार्डातच.

माझा भाचा तर त्यांच्याही वरताण. ब्रँडन सँडरसनचा भक्त. त्याच्या खोलीत भिंतीवर बाणांचा तक्ता, मला वाटलं वंशावळ. हे आधी, मग ते, मध्ये हे छोटं. म्हणतो, "मावशी, 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या आधी 'वॉरब्रेकर' वाचायलाच हवं." का रे बाबा? दोन्ही वेगळ्या दुनियांच्या गोष्टी ना? तर म्हणे, तिथली ती बोलणारी तलवार इथे शेवटी... अय्या! सांगून टाकलं की. तुम्ही नाही ना वाचणार? मग हरकत नाही. तुमच्या सुनेला सांगू नका मात्र. याच सँडरसननं ते 'व्हील ऑफ टाइम'ही पुरं केलं म्हणे. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 साली गेले, मालिका अर्धवट. यानं त्यांच्या टिपणांवरून शेवटचे तीन खंड लिहिले, असे चौदा झाले. आणि एक आधीच्या काळातलं, 'न्यू स्प्रिंग', ते जॉर्डननीच दहाव्या आणि अकराव्याच्या मध्ये काढलेलं. ते कुठे घालायचं यावरून भाच्याच्या ऑफिसात दोन जण अजून एकमेकांच्या डब्याला हात लावत नाहीत.

तर काय सांगत होते... हो, कपाट!

वाढदिवसाच्या त्या सगळ्या गदारोळात पोरगी कुठे होती, कुणी बघितलं? पत्र काय, गीतरामायण काय, पेले काय. तिनं जुन्या खोक्यातलं कपाटाचं पुस्तक उचललं आणि दिवाणाखाली जाऊन बसली. रात्रीपर्यंत अर्धं झालेलं. नवं का नाही घेतलं विचारलं तर म्हणे, जुन्याला छान वास येतो. एवढंच कारण! एवढा कोर्टकज्जा झाला, आणि निकाल नाकानं दिला.

आणि परवा दुपारी वहिनींनी थरथरत दार उघडलं तर आत ही. पाठीला कपाटाची फळी, डोक्यावर आजोबांचा लोकरी कोट, गाढ झोपलेली. वहिनी आधी ओरडल्या, मग रडल्या, मग पुन्हा ओरडल्या. "कोंडली असतीस म्हणजे!" तर डोळे चोळत म्हणते, "नाही आजी, दार उघडं ठेवलेलं. पुस्तकात सांगितलंय, शहाणी माणसं कपाटात शिरून दार लावून घेत नाहीत." खरंच आहे हं तसं, सून म्हणाली, एकदा नाही, चांगलं दोन-चारदा बजावलंय लेखकानं. वहिनींचा राग तिथेच विरघळला. साड्या मात्र मी गेले घड्या घालायला. त्या शालूचा जर अजून कसा आहे म्हणून सांगू...

मग तिनं काय विचारावं? "आजी, आपलं कपाट कुठल्या झाडाचं?" सागाचं, वहिनी म्हणाल्या, तुझ्या पणजोबांनी करवून घेतलं. "आणि पुस्तकातलं?" आता हे कुणाला माहीत! म्हणजे सुनेला माहीत होतं, पण ती ओठ घट्ट मिटून बसली. मुलगाही बसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, वाढदिवसानंतर पहिल्यांदाच. आणि त्यानं गुपचूप आपल्या नव्या सेटमधलं एक नंबरचं काढून तिच्या हातात दिलं. सुनेच्या हिशेबानं अजून चार पुस्तकं मध्ये राहिलीत, पण ती एक अक्षर बोलली नाही.

दोन दिवसांत वाचून झालं. पुस्तकातल्या त्या भाच्यानं नार्नियातून आणलेलं सफरचंद, त्याच्या बिया बागेत पुरल्या, त्यांचं झाड, ते वादळात पडलं, आणि त्याच्या लाकडाचं केलेलं ते कपाट! घरभर नाचली म्हणे. पणजीला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा शेवटापासून.

आता कळलं का, ही कुंडी तुमच्या बाजूला का सरकवून ठेवलीय ते? इथे ऊन चांगलं. परवाच्या फळातल्या बिया लावल्यात तिनं. पुण्यात कुठलं आलंय सफरचंद, पण कोंब फुटलाय बघा, चार पानंसुद्धा आली. वाका जरा, पानाचा वास घ्या. आला ना? वहिनींचं घरचं खत, काय काय पडलेलं असतं त्यात. टोमॅटो आहे हो! पण बोलू नका हं, आली बघा झारी घेऊन...